काकूंच्या घड्याळाची डबी

गोदाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला वर्गावर होतो. संध्याकाळी लातूरला पोहोचलो, तर त्यांच्या मेसच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं जुनं रेल्वेचं खिशातलं घड्याळ चालूच होतं... सकाळी त्यांनीच चावी दिलेली.

शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतली पोरं लातूरला लोटू लागली, त्या दिवसांत मी काकूंकडे जेवायला येऊ लागलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. शेवटची बॅच सुटून यायचो तेव्हा मेस आवरलेली असे, फक्त एक ताट झाकलेलं.

"काकू, हे कुणाचं?"

"उशिरा येणाराचं. बस, गिळ."

ते ताट त्यांच्या नवऱ्यासाठी असतं, हे पोरांनी मला नंतर सांगितलं. पण तोवर ते माझ्या अंगवळणी पडलं होतं.

काका रेल्वेत गार्ड होते. घड्याळ त्यांच्या वडिलांचं. दुरुस्तीला नेलं की मशीन तेवढं उदगीरच्या घड्याळजी करीमचाचांकडे ठेवायचे आणि त्यावरची चांदीची डबी खिशात घालून परत आणायचे. चांदी दुकानात सोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. गणपती विसर्जनाच्या दिवशी डबी घेऊन ते उदगीरला गेले. काम झालं नव्हतं. "परवा या," चाचा म्हणाले, आणि काका डबी घेऊन परत निघाले. काकू अहमदपूरला माहेरी होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं गाव ढिगारा झालं. काका सापडले नाहीत. ते घरी पोहोचले होते, की वाटेतच कुठं उतरले... सांगायला शेजारीही उरले नव्हते. चाचांनी मशीन स्टीलच्या डबीत बसवून काकूंना दिलं.

मी येण्याच्या थोडं आधी काकांच्या पुतण्याला त्या ढिगाऱ्यात चांदीची एक चेपलेली डबी सापडली होती. त्या आळीत रेल्वेच्या चाकरीतली घरं बरीच. डबी कुणाचीही असेल. पण याच घड्याळाची मूळची असेल, तर काका तेव्हा घरातच होते. मशीनचे दोन स्क्रू डबीच्या कडेवर ओरखडे पाडतात. ते जुळतात का, एवढंच बघायचं होतं.

"काकू, एकदा उदगीरला नेऊ या की."

"फिजिक्स शिकायला आलास का डब्या उघडायला? घड्याळ चालतंय न्हवं? मग!"

डबी देव्हाऱ्यात राहिली. कपाळावरचं कुंकूही राहिलं. खरं काय ते कळण्याची त्यांना भीती वाटते, असं मला कायम वाटत आलं.

तेराव्यानंतर घड्याळ आणि डबी घेऊन मी चाचांकडे गेलो. त्यांनी घड्याळ उघडलंसुद्धा नाही.

"जुळतात, बेटा. डबी सापडली तशी लगेच घेऊन आली होती तुझी काकू. मी मशीन बसवून दिलं, बरोब्बर बसलं. लई वेळ हातात धरून बसली... मग म्हणाली, 'चाचा, काढा. परत स्टीलमध्येच घाला. उशिरा येणारं कुणीतरी असतंयच माझ्याकडं.'"

म्हणजे मी पहिल्यांदा त्या ताटावर बसलो, तेव्हा काकूंना सगळं ठाऊक होतं.

घड्याळ आता माझ्याकडे आहे, स्टीलच्याच डबीत. रोज सकाळी चावी देतो. जेवणं आटोपली की आमच्याही ओट्यावर एक ताट झाकलेलं असतं... आणि कुणी यायचं नसलं, तरी दार वाजलं की घरात सगळ्यांत आधी मीच उठतो.