आठ जाती आणि एक लॅमिनेशन

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या दुकानदाराला ठसका लागला आणि माझा नवा शर्ट गेला. हां, ठेवला? आता ऐका, एका शिकल्यासवरल्या माणसानं स्वतःची किती शोभा करून घ्यावी ते. शिकलासवरला म्हणजे मीच. बी.ए. आहे मी, इंग्रजी सोडून.

केजला माझं सरकी पेंडीचं दुकान आहे. पण गावात माझी ओळख दुकानापेक्षा तहसीलमुळं जास्त. कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडला, कुणाचं रेशनकार्ड अडलं, की लोक म्हणणार, "भाऊला सांगा." आणि भाऊ निघाले! निम्मं ऐकायचं आणि निघायचं, ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, "किक मारायच्या आधीच तुमची गाडी सुरू असती."

ही बायको म्हणजे सुमन. दहावी झाली, लग्न झालं आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. मागच्या वर्षी गावात एका इंग्रजी शाळेची बालवाडी निघाली. शिकवायला दोन बाया हव्या होत्या. सुमननं मनावर घेतलं. एक रिटायर सर घरी बायकांचा इंग्रजीचा क्लास घ्यायचे, तिथं नाव घातलं. सर शेवटी परीक्षा घेऊन दोन नावं शाळेला कळवणार होते. बाई भाकरी थापता थापता "आय गो, यू गो, ही गोज" करायची. खरं सांगतो, इतक्या खुशीत मी तिला आमच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

क्लासचा ग्रुप माझ्या मोबाईलवर, कारण तिचा फोन साधा, बटणांचा. एका मंगळवारी सकाळी सरांचा मेसेज आला: "सोमवारी तोंडी परीक्षा. प्रत्येकीने जाती तयार ठेवाव्यात. ज्यांच्या तयार नसतील त्यांचे नाव शाळेला पाठवले जाणार नाही."

झालं! आता मला सांगा, जात म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? दाखलाच ना? मग माझ्या डोळ्यांपुढं आला तर माझं काय चुकलं?

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "अगं, सोमवारी परीक्षा हाय. सरला जाती पाहिजेत."

तिचा चेहराच उतरला. "अगं बाई! त्या जातींनीच तर माझं डोकं खाल्लंय. बाकी समदं येतंय मला."

"तू बाकीचा अभ्यास कर. जातीचं माझ्यावर सोड."

"तुमाला जमंल?"

"मला? अगं, रोजचंच काम हाय माझं!"

"लिहून आणताल?"

"लिहून कशाला? छापील आणतो. वरून लॅमिनेशन!"

तिला वाटलं, वह्यापुस्तकांच्या दुकानात मिळतो तसला तक्ता. ती म्हणाली, "पण आठच्या आठ पाहिजेत बरं का."

मला वाटलं, झेरॉक्स. "आठ काय, दहा आणतो!"

"दहा नसत्यात वो, आठच असत्यात," ती हसली. मीही हसलो. पंधरा वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं, आणि दोघं बोलत होतो दोन वेगळ्याच गोष्टी!

मी निघालो तो थेट सेतू केंद्रात. तिथला कॉम्प्युटरवाला माझा दोस्त.

"कशासाठी पाहिजे दाखला?"

"इंग्रजीसाठी."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "इंग्रजीला जात कधीपासून लागायला लागली बे?"

"नवा नियम हाय," मी ठोकून दिलं. इथं थांबायला पाहिजे होतं की नाही? पण थांबला तर तो मी कसला!

तो म्हणाला, "बाईची जात माहेरच्या कागदावर निघती. आधी काढलेला दाखला सासऱ्याकडं असंल तर बघ, न्हाईतर त्यांची शाळेची टीसी आण."

माझी सासुरवाडी नारायणगडाच्या बाजूला. बुधवारी दुकान बंद ठेवून मोटारसायकलवर तिकडं गेलो. सासरे शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांना मी मामा म्हणतो.

"मामा, सुमनच्या जातीचा कागद पाहिजे."

पाला हातातच राहिला. "कावून?"

"लागतोय."

"पंधरा वर्ष झाले लग्नाला. आता कावून जात बघायलेत? काई शंका आली का?"

"न्हाई वो मामा! सर मागायलेत."

"कोण सर? समदं बघूनच सोयरीक केलती की तुमच्या वडलानं! अन् आता हे सर कोण उपटले?"

आतून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला. "माझ्या लेकीला टाकायलेत की काय..." घ्या! मी तिथं शपथा घेतोय, शेळ्या ओरडतायत, सासूबाई डोळ्याला पदर लावतायत, आणि शेजारच्या चार बाया भिंतीवरून बघतायत. शेवटी मामांनी पत्र्याची पेटी उघडली. तळाला सुमनच्या दहावीच्या वेळचा दाखला निघाला. एक कोपरा उंदरानं खाल्लेला, बाकी शिक्का शाबूत.

कागद माझ्या हातात देताना मामा म्हणाले, "सोमवारी मी सोता येतो. बघतोच ह्या सराला."

मी त्याच दिवशी त्याचं लॅमिनेशन करून टाकलं. म्हटलं, उंदराचा प्रश्नच मिटला. आठ झेरॉक्स काढल्या. घरी आल्यावर सुमन म्हणाली, "दाखवा की." मी म्हटलं, "आता न्हाई. सरच्या पुढंच काढीन." मला तिला खूश करायचं होतं हो! आणि ती बिचारी माझ्या भरवशावर राहिली. बाकी सगळं पुस्तक घोकलं, जातींचं पान मात्र पुन्हा उघडलं नाही.

सोमवार उजाडला. सरांच्या ओसरीत बारा बायका बसलेल्या. सुमन पहिल्या रांगेत, डोळे दाराकडं. मी आत शिरलो, बगलेत फाईल, मागं पटका बांधलेले मामा, हातात काठी.

"सर," मी मोठ्यानं म्हणालो, "जात आणलीय!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. सुमननं हात पुढं केला, फाईल उघडली आणि तशीच बसली. तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपलं कुठंतरी चुकलंय.

सरांनी दाखला घेतला, उलटा केला, सुलटा केला. "अहो, हे काय? मी शब्दांच्या जाती म्हणालो होतो! पार्ट्स ऑफ स्पीच. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद..."

एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळी ओसरी हसली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी फाईलसकट आत जावं.

मामा मात्र काठी टेकून उभेच. "शब्दाला बी जात असती व्हय?"

"असते," सर म्हणाले, "पण ती कामावरून ठरते. वॉटर म्हणजे पाणी, तेव्हा ते नाम. झाडाला पाणी घाल म्हणायचं असेल, तर तेच वॉटर क्रियापद. वाक्यातलं काम बदललं की जात बदलली."

मामांनी जरा विचार केला. "मंग माणसापरीस शब्दाचं बरंय," म्हणाले आणि खाली बसले.

सर सुमनकडं वळले. "बोला सुमनताई. आठ जाती, उदाहरणासहित. की पुढच्या वर्षी बसताय?"

पुढच्या वर्षी? जागा तर यंदाच भरायच्या होत्या! एका लॅमिनेशनपायी मी तिची नोकरी घालवली होती.

सुमननं पदरानं डोळे पुसले. मग तिनं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, त्या दाखल्याकडं बघितलं. "कामावरून ठरते," असं पुटपुटली आणि उभी राहिली.

"सर, एकाच वाक्यात सांगितल्या तर चालंल का?"

"आठही? सांगा बघू!"

तिनं एकेक शब्द सुटा सुटा म्हटला, "अलास! ही क्विकली रॅन टू माय ओल्ड फादर अँड ब्रॉट द राँग पेपर."

सर बोटांवर मोजायला लागले. "अलास, केवलप्रयोगी. ही, सर्वनाम. क्विकली, क्रियाविशेषण. रॅन, क्रियापद. टू, शब्दयोगी. ओल्ड, विशेषण. फादर, नाम. अँड, उभयान्वयी. आठ! अहो, आठच्या आठ!"

मामा कुजबुजले, "ही म्हंजे कोण बाई?"

"बाई न्हाई, दादा," सुमन वडलांना म्हणाली. "नवऱ्याला इंग्रजीत 'ही' म्हणत्यात. नाव घ्यायचं न्हाई म्हणून आपण 'हे' म्हणतो ना? तेच सर्वनाम."

"अन् अलास म्हंजे?"

"अरेरे!"

"ते कुणाला?"

बाराच्या बारा बायकांनी माझ्याकडं बघितलं.

नाव गेलं शाळेला! सुमनची निवड झाली. त्या दिवशी मी पेढे वाटले आणि मनातल्या मनात दहादा देवाला हात जोडले. पुढच्या आठवड्यात शाळेतून कागदपत्रांची यादी आली. मी वाचली. तिसऱ्या नंबरवर काय असावं? जातीचा दाखला! मूळ प्रत!

मी उडालोच. "बघ! बघ! मी म्हणलो नव्हतो? लागतो म्हणून!" छाती फुगवून फाईल घेतली आणि सुमनला गाडीवर बसवून शाळेत गेलो.

तिथल्या बाईंनी दाखला हातात घेतला, उजेडात धरला. "ह्याला लॅमिनेशन कुणी केलं?"

"मी," मी ऐटीत म्हणालो. "उंदीर लागत न्हाई."

"लॅमिनेशन केलेली मूळ प्रत चालत नाही. नवीन काढून आणा. वडिलांची टीसी लागेल."

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी तिथंच व्हरांड्यात उभा राहून सासुरवाडीला फोन लावला.

"मामा, मी बोलतोय. ते... सुमनच्या जातीसाठी..."

पलीकडं शेळ्या ओरडत होत्या. मग मामांचा आवाज आला, "जावईबापू, आता कावून?"

काय सांगणार? आठपैकी मला एकच जात येते. म्हटलं, "अलास!"