देवळांच्या गावची शकू

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या बसस्थानकात, तिच्याच गावाला जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभी होते. बारवेत दिवे सोडायचेत, ये म्हणून तिनंच बोलावलं होतं... मी तशीच गाडीत बसले.

शकू माझ्या माहेरच्या शेजारची सून, महादेवाच्या पुजाऱ्याची बायको. वयानं माझ्याएवढीच, म्हणून मैत्री लगेच जमली. जिंतूरकडचं आमचं हे गाव यादवांच्या काळातल्या देवळांचं. पण देवळं इतकी, की आम्हाला त्यांचं काही वाटायचंच नाही. कोरीव खांबाला म्हशी बांधलेल्या, निजामाच्या काळातल्या वेशीत कुठल्याशा देवळातली मूर्ती चिणलेली. शकू मात्र नवी नवरी असतानाच गल्लोगल्ली भिंती बघत हिंडायची. "आपुन धुणं आपटतो त्या दगडावर मोर हाय," असं तिनं सांगितलं, तेव्हा तो मोर मी पहिल्यांदा पाहिला.

महादेवाच्या देवळामागं कचऱ्यानं, झुडपांनी भरलेला मोठा खड्डा होता. पाच-सहा वर्षांपूर्वी तो बुजवून आठवडी बाजाराला जागा करायचं ठरलं. मुरमाची ट्रॉलीही आली. शकू तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वैनी, सरका. नुसता खड्डा हाय तो," सरपंच म्हणाले.

"खाली बारव हाय. जुन्या माणसांनी पायऱ्या पाहिल्यात. दिवाळीपर्यंत थांबा. न्हाई निघाली तर मुरमाचं पहिलं घमेलं मीच टाकते."

दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच खणू लागली. आधी कुरकुरणारा नवरा पूजा उरकून टोपली घेऊन आला, मग गल्लीतल्या बाया आल्या. दिवाळी तोंडावर आली तरी नुसती मातीच. लोक हसायला लागले. अन् एका दुपारी तिचा फोन आला, "लवकर ये. पायरी लागायलीय."

मी पोचले तेव्हा ती गुडघ्यावर बसून ओंजळीनं माती सारत होती. एक पायरी, तिच्याखाली दुसरी... मग कोनाडा, कोनाड्यात शेंदराचा गणपती. आता सरपंचांनीच माती न्यायला ट्रॉली लावली. तळाशी पाणी झिरपलं, तेव्हा शकू त्यात पाय सोडून बसली आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.

शकू गेल्यावर महिन्यानं मी पुन्हा तिच्या घरी गेले. गावात कुणी अनोळखी दिसलं की हातातलं काम टाकून त्याला देवळं दाखवायला नेणं, ही तिची सवय. त्या दिवशी घर उघडंच होतं, पोळपाटावर पोळी अर्धी लाटलेली. मी बारवेकडं गेले. शकूची सून, हात पिठाचे तसेच, दोन पाहुण्यांच्या पुढं उतरत होती.

"जपून या," ती मागं वळून सांगत होती, "आमच्या सासूबाईंच्या हाताला पहिल्यांदा लागली, ती ही पायरी."