तिकटीवरचा उतारा

सत्तरच्या दशकात एका दुपारी मंद्रूपच्या रस्त्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली होती.

पाण्याच्या पाइपलाइनचं काम चालू होतं आणि वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रेसारखे फोटो काढायला मी सोलापूरहून जीपने जायचो. त्यासाठी लागणारा किरणोत्सर्गी तुकडा, पेन्सिलीच्या टोकाएवढा, शिशाच्या जड पेटीत असायचा. त्या दिवशी साइटवर पोचलो तर पेटी उघडी... तुकडा गायब! सकाळी कडी नीट बसली का ते मी पाहिलंच नव्हतं. चूक सरळसरळ माझी.

तो चकचकीत तुकडा कुणी उचलून खिशात घातला तर? हातात धरताना काही कळत नाही, पण माणूस जिवानिशी जातो. मी किरणं मोजायचं यंत्र घेऊन आल्या रस्त्याने उलटा चालत निघालो, पेटी आणि चिमटा घेऊन जीप लांबून मागे. एरवी देवाचं नाव न घेणारा मी, त्या दिवशी एकाही देवाला सोडलं नाही.

तिकटीजवळ यंत्र कडकडायला लागलं... आणि लांबून कुणीतरी ओरडलं.

"ए भाऊ, थांब! म्होरं जाऊ नगंस, उतारा हाय तितं!"

म्हशी राखणारी एक मावशी होती. आदल्या दिवशी अमावास्या झालेली. तीन वाटांवर चकाकतंय म्हणजे कुणीतरी ओवाळून टाकलंय, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. लांब काठीने बाभळीच्या फांद्या ढकलून तिने भोवती कुंपण केलं होतं.

"मावशी, हात नाही ना लावला?"

"मला काय याड लागलंय व्हय? सकाळधरनं म्हशी बी बांधावरनं नेतीय. शाळंची पोरं बी तिकडनंच धाडली की."

मी रस्त्यातच मटकन बसलो आणि चक्क रडलो. मग लांब चिमट्याने तुकडा पेटीत टाकला, कडी तीनदा ओढून पाहिली.

आमच्या साइटवर धोक्याची पिवळी पाटी होती, खाली इंग्रजीत सूचना. मजूर तिच्यावर सदरे वाळत घालायचे. मावशीच्या चार काट्या मात्र गावात लहानथोर सगळ्यांना वाचता येत होत्या... पुढे प्रत्येक साइटवर मी पाटीभोवती काट्या टाकायला लागलो. साहेब हसायचे, हसू दे.

निघताना ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचा उतारा उचललायस लेकरा, आंघूळ करूनच घरात जा."

उताऱ्याला नाक मुरडणारा मी, त्या संध्याकाळी दारातच बादली मागवली. तिचं नाव विचारायचं राहिलं, निदान शब्द तरी पाळला.