मांडवीच्या धक्क्यावरचा बँड

काशीराम देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. उमेदीची वर्षं त्याने परळच्या गिरणीत काढली आणि तिथेच एका गोवेकर मास्तरापाशी कॉर्नेट हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शिकला. गिरण्यांचा मोठा संप लांबला, खोलीतली माणसं एकेक करून गावाकडे वळली, तसा तोही कॉर्नेट घोंगडीत गुंडाळून बोटीत बसला. वाडीवरच्या भातात भावांचंच भागत नव्हतं. म्हणून तो रत्नागिरीत राहिला आणि आप्पांच्या आंब्याच्या बागेत राखणीला लागला.

आप्पा हौशी माणूस. बाग झाडगावात, शिवाय मांडवी बंदरावर खाणावळ. बागेत संध्याकाळी कॉर्नेट ऐकून त्यांच्या डोक्यात बँड शिरला. त्यांनी मुंबईहून वाद्यं आणवली, पितळी बटणांचे लाल कोट शिवून घेतले, आणि आंब्याच्या पेट्या भरायच्या पडवीत काशीरामने पावसाळाभर पाच-सहा जणांना शिकवलं. मोठा ढोल रामाकडे आला. रामा बंदरावर मिळेल ते काम करणारा, पण ठेका पक्का.

दसऱ्याला बँड पहिल्यांदा वाजला. दुकानदार गल्ला सोडून रस्त्यावर आले, बायका उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वाजवणं थांबलं तरी कुणी जागचं हललं नाही. रामाच्या डोळ्यांत पाणी आलं. काशीरामला वाटलं, गिरणीत घालवलेली वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, बँड कितीदा वाजवायचा, ही गोष्ट निघाली. काशीराम म्हणाला, सणाला, जत्रेला आणि लग्नाला, बस. रोज वाजला तर लोक मान वर करून बघायचे नाहीत. आप्पा हसले. वाद्यं काही फडताळात ठेवायला आणली नाहीत, म्हणाले. शेवटी आठवड्याच्या बाजाराला एकदा वाजवायचं ठरलं, आणि काशीरामने ते पत्करलं.

पण दिवाळीत आप्पांच्या खाणावळीशेजारी दुसरी खाणावळ उघडली. मुंबईची बोट लागली की उतारू कुणाच्या दारात वळतात, याची चुरस सुरू झाली. आप्पांनी बँड धक्क्यावर उभा केला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक बोट सोडून एक, आणि माघ लागेपर्यंत प्रत्येक बोटीला. दर वेळी आप्पा गोडीनेच सांगत, आणि दर वेळी काशीराम मान डोलवी.

त्याला किळस यायला लागली ती तिथे. कोट घामाने भिजायचा आणि सुकायच्या आत पुन्हा अंगावर चढायचा. त्याला आंबूस वास सुटला. ओठ सुजलेले असत, तोंडातून पितळेची चव जात नसे, भाकरीलाही तीच चव लागे. बोटीवरून धक्क्यापर्यंत आणणाऱ्या पडावातून उतरणाऱ्या माणसांना बोट लागलेली असायची. पिवळी पडलेली माणसं धक्क्यावर बसून ओकत, आणि त्यांच्या डोक्यावर यांची पलटणी चाल. कुणी कानावर हात ठेवी, कुणी शिव्या देई. हमालांना तर खेळच सापडला. ते समोर उभे राहून मीठ लावलेली कैरी चोखत. वाजवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटून सूर फुटले की ते मांडीवर थापा मारत. दसऱ्याला तोंडात बोट घातलेली माणसंच ही. आणि दारात उभे राहून आप्पा म्हणत, या, या, गरम जेवण तयार आहे.

शिमग्याच्या आधी चाकरमान्यांची गर्दी सुरू झाली. एका सकाळी काशीरामला धक्क्यावर सोनूबाई दिसली. ती त्याच्याच वाडीतली. तिचा मुलगा रघू मुंबईत त्याच्या खोलीवर राहिलेला. रघू सणाला येत असेल, म्हातारी त्याला न्यायला आली असेल, असं वाटून त्याने लांबूनच मान हलवली. तिने पाहिलं नाही.

पडाव लागला. काशीरामने नाटकातली एक उडती चाल धरली. पडावातून रघूची बायको राही उतरली. कडेवर मूल होतं. कपाळ पांढरं होतं. सोनूबाई उठून तिच्या गळ्यात पडली. दोघींची तोंडं उघडली, पण आवाज येत नव्हता. काशीराम बघत होता आणि त्याची बोटं चालत होती. राही खाली बसून ओकू लागली. म्हातारी एका हाताने तिचं कपाळ धरून होती, दुसऱ्याने स्वतःची छाती पिटत होती. शेजारी एक हमाल चालीवर कंबर हलवत होता.

मग त्याला कळलं. त्याने कॉर्नेट खाली घेतला. बाकीचे अडखळत थांबले. रामाची पाठ तिकडे होती, त्याचा ढोल थोडा वेळ एकटाच वाजत राहिला. तो थांबल्यावर म्हातारीचा टाहो ऐकू आला.

आप्पा दारातून आले. दुसरा पडाव लागतोय, थांबलात का, असं त्यांनी विचारलं.

"रघू गेला, आप्पा. माज्या वाडीतला."

आप्पांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी आतून दोघींसाठी चहा आणायला सांगितला, मुलाला दूध. मग खालच्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. पण तुम्ही जरा पलीकडे सरकून वाजवा. माणसं शेजारी वळतायत."

त्यांनी शिवी दिली असती तर काशीरामला सोपं गेलं असतं. हातात चहाचा कप घेऊन ते हे बोलले. तो सोनूबाईपाशी गेला. म्हातारीने त्याच्या लाल कोटाकडे, बटणांकडे पाहिलं.

"काशी, तूच वाजवत हुतास?"

त्याने राहीचं गाठोडं उचललं आणि त्यांना देवरूखच्या मोटारीत बसवून आला.

दुसऱ्या दिवशी पडवीत सगळे जमले. धक्क्यावर यापुढे वाजवायचं नाही, असं काशीरामने सांगितलं. त्याला वाटलं होतं, रामा तरी आपल्या बाजूने उभा राहील. रामा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"वाजवला की आप्पांकडे दुपारचा भात मिळतो," तो म्हणाला. "तो मी सोडू काय?"

बोटीला बँड वाजायचाच, असं ठरलं. काशीरामने कोट घडी न करता पेटीवर टाकला. रामाचा त्याला राग आला नाही. पण त्याच भातापायी आपणही एवढे दिवस मान डोलवली, हे आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

राखणही सोडून तो वाडीवर गेला. रघूची भातजमीन कसायला माणूस नव्हता, निम्मं पीक सोनूबाईला देऊन ती तो अर्धेलीने करू लागला. सोनूबाई त्याच्याशी कामापुरतं बोले. इकडे शेजारच्याने खाणावळीत गाणी वाजवणारा फोनो आणून लावला, उतारू तिकडे वळले, आणि पुढच्या पावसाळ्यात आप्पांनी वाद्यं एका नाटक कंपनीला विकून टाकली.

मधे बरेच शिमगे गेले. मग वाडीच्या पोरांनी काशीरामच्या मागे लकडा लावला, पालखीपुढे कॉर्नेट वाजवा म्हणून. तो कबूल झाला, पण वर्षातून तेवढा एकदाच, आणि वाडीत कुणाच्या घरी दुःख नसेल तरच. दोन शिमगे त्याने वाजवला. तिसऱ्या वर्षी खालच्या घरातलं तान्हं मूल गेलं. ते घर आडबाजूला आहे, तिथवर ऐकू जायचं नाही, असं पोरं म्हणाली. काशीरामने ऐकलं नाही. पालखी नुसत्या ढोलावर निघाली, आणि त्या घराजवळ आल्यावर ढोलवाल्याने आपण होऊन हात आवरला.