समुद्राची पातळी आणि आमचे मामा

अरबी समुद्र म्हणजे घरातलं उनाड कार्टं आहे आणि त्याच्यावर डोळा ठेवायला आपल्याखेरीज कुणी नाही, अशी ठाम समजूत असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत मी एकच पाहिला. ते माझे थोरले मामा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि भाट्याच्या खाडीतल्या जुन्या धक्क्यावर जाऊन बसू लागले. तिथल्या एका खांबावर त्यांनी तेलरंगाने मोजपट्टी रंगवली होती. भरतीला आणि ओहोटीला पाणी कुठवर आलं ते रोज बघायचं, म्हणजे बघायचंच. माझ्या बहिणीच्या लग्नात, मिरजोळ्याला, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि आमचे मामा चपला शोधतायत. आईने डोळे वटारले तर म्हणाले, "अगं, नवरानवरी संध्याकाळीही असतील. भरती थांबायची नाही."

हा सगळा खटाटोप भरसमुद्रातल्या प्रवाहासाठी. तो डोळ्यांना दिसत नाही, पण किनाऱ्याचं पाणी त्याची चुगली करतं, असं मामा सांगत. पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेला वाहतो तेव्हा किनाऱ्याशी पाणी थोडं उतरतं. थंडीत तो उत्तरेला वळला की चढतं. हे समजावताना ते चहाची बशी कलती धरत, आणि चहा समोरच्याच्या पँटवर जाई. अलीकडे मात्र पावसाळ्यातही त्यांच्या पट्टीवर पाणी उतरेना. "प्रवाह सरकलाय. आता लवकर वळतो," असं ते ज्याला त्याला गाठून सांगत. लोक गालात हसत, पण गुरुजींना खोटं कोण म्हणणार?

गेल्या वर्षी पाऊस पुरता ओसरायच्या आत धाकटे मामा होडी घेऊन मासेमारीला गेले. होडी उलटली. बरोबरचा खलाशी कसाबसा किनाऱ्याला लागला, मामा नाहीत. जुन्या खलाशांचं म्हणणं पडलं, दक्षिणेला शोधा. एवढ्यात थोरले मामा धक्क्यावरून धापा टाकत आले. "पाणी चढलंय. प्रवाह वळलाय. उत्तरेला जा, आरे-वाऱ्याकडे." धाकट्या मामीचे भाऊच होड्या काढत होते. ते उत्तरेला गेले.

धाकटे मामा पुढे सापडले ते दक्षिणेला, पावसच्या बाजूला. छातीशी रिकामा प्लास्टिकचा कॅन घट्ट बांधलेला होता. म्हणजे बराच वेळ ते तरंगत असणार, वाट बघत असणार. 

दिवसकार्य झालं आणि थोरले मामा गवंड्याची, दोन ठिकाणची पातळी ताडून बघायची पाण्याची नळी घेऊन धक्क्यावर गेले. पट्टी रंगवताना त्यांनी मागच्या कातळावर तेवढ्याच उंचीची खूण केली होती. समुद्र रोज तपासणाऱ्या माणसाने ती खूण पुन्हा कधी ताडून बघितली नव्हती. खांब गाळात खचला होता. पाणी चढलंच नव्हतं, पट्टीच खाली गेली होती.

मी म्हणालो, "मामा, हे कुणाला कळायचं कारण नाही."

"मला कळलं ना," ते म्हणाले, आणि थेट धाकट्या मामीच्या घरी निघाले. मी मागोमाग.

मामी चुलीपाशी होती. मामांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे गेला तो."

मामीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "भावोजी, उत्तरेला गेले ते माझेच सख्खे भाऊ. गुरुजी सांगतात तिकडे जा, असं मीच म्हटलं त्यांना. मी कुणाला जाऊन सांगू?" आणि तिने पाट मांडला. "जेवल्याशिवाय जायचं नाही."

मामा बसले. पहिला घास हातात तसाच धरून ते रडत राहिले. मामीने त्यांना रडू दिलं.

"भात निवतोय, भावोजी," ती म्हणाली. मग त्यांनी तो घास तोंडात घातला.