धुळीतलं टायमिंग

रहाटणीच्या रस्त्यावर तो रोज सकाळी खडीच्या डंपरमागून तोंड उघडं टाकून पळायचा. मॅरेथॉनची तयारी चालली होती. टायमिंग बिघडत गेलं तसे त्यानं आधी बूट बदलले, मग घड्याळ, मग कोच. फुफ्फुसं ऑनलाइन मिळत नाहीत, नाहीतर तीही मागवली असती.

एकदा टपरीपाशी तो वाकून खोकत होता. मी म्हटलं, "भाऊ, मास्क तरी लावा."

"मास्कनं दम लागतो, राव."

"कामाला कुठं?"

"निघोज्याला, कंपनीत सेफ्टी ऑफिसर. पेंटशॉपमध्ये कुणाचा मास्क नाकाखाली दिसला, की सरळ गेटबाहेर काढतो."

"ते काय म्हणतात?"

"दम लागतो म्हणतात. नाटकं सगळी," म्हणाला आणि पुढच्या डंपरमागे सुटला.