लहान ऑपरेशन की मोठं

मंगलाबाईला घरच्यांनी सांगितलं होतं, पित्ताचा खडा आहे. पण खड्यासाठी कुणी बमरोलीहून पुन्हा पुन्हा मोठ्या दवाखान्यात नेत नाही, एवढं तिलाही कळत होतं. आजही डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, लोटूला, आणि मुलाला, धर्मेंद्रला, तेवढं आत घेतलं. ती बाहेर पेशंटांच्या रांगेत, बाकड्यावर पदराचं टोक पिळत बसली.

बापलेक बाहेर आले ते समोरच्या खिडकीपाशी गेले आणि बिनआवाजाने भांडू लागले. दोघंही गुजरातेत, उधन्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात कामाला. तिथल्या खडखडाटात कानाचा उपयोग नाही, म्हणून सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. तीच हुशारी त्यांनी इथे चालवली. पण लग्नानंतर कित्येक वर्षं मंगलाबाईने त्याच खात्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या, हे दोघं साफ विसरले. बायकोने केलेलं काम पुरुषांच्या लक्षात राहतं कुठे!

धर्मेंद्र पोटावर मूठ ठेवून सांगत होता. गाठ आहे, स्वादुपिंडाच्या तोंडाशी. तपासणीत कॅन्सर दिसला नाही, पण नसेलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. लहान ऑपरेशनात नुसती गाठ काढायची. आई लवकर घरी येईल, पण काही राहिलं तर पुन्हा वाढेल. मोठ्यात स्वादुपिंडाचा तो भाग, पित्ताशय, आतड्याचा तुकडा, सगळंच काढायचं. त्यात जिवाला धोका जास्त. त्याला मोठं हवं होतं. बाप नुसती नकाराची मान हलवत होता.

मंगलाबाईने बाकड्यावरूनच त्याच्या ओठांवरचं सगळं वाचलं.

तेवढ्यात लोटूचे ओठ हलले. "ती टेबलवरच गयी ते? तिन्हाशिवाय मी काय करसू?"

एवढ्या संसारात भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे हा माणूस तिच्याशी फारसं बोलला नव्हता. तिला रडूही आलं आणि रागही. मेल्याने हे सांगायचं कुणाला, तर पोराला!

ती तरातरा जाऊन डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. मोडक्यातोडक्या गुजरातीत तिने विचारलं, लहान करून काही राहिलं, तर मग मोठं करावंच लागेल ना? डॉक्टर चपापले. तसं होऊ शकतं, म्हणाले.

"मग आत्ताच मोठं करा."

मागे लोटू मुलाला हातवारे करत होता, नको, नको. ती गर्रकन वळली.

"आवाज काढीसन बोला. अन् माले सांगा, त्याले नही."

लोटूने हातवारे थांबवले. मग सगळ्या रांगेदेखत तो ओरडलाच, "माले भेव वाटस!"

"मालेबी," मंगलाबाई म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.